चौथा खुंट

ताडाचा सोट पाच दिवस अंगणात आडवा पडला होता आणि मंजुळा रोज सकाळी कोयत्याने त्याचे खवले तासून काढीत होती. बावीस हातांचा तो सोट. त्याचे एक टोक निमुळते करायचे, दुसऱ्या टोकाशी दोर अडकेल अशी खाच पाडायची, आणि मग अष्टमीच्या दिवशी, जेव्हा खाडीच्या पाण्याला ओढ सर्वांत कमी असते, तेव्हा तो चिखलात रोवायचा. ठाण्यातील कोपरीच्या पूर्वेस खाडीकाठी वसलेल्या त्या कोळीवाड्याचे असे अकरा खुंट एका रेषेत उभे राहत. जाळ्याच्या तोंडाची एक बाजू आपल्या खुंटाला आणि दुसरी शेजाऱ्याच्या खुंटाला बांधायची, अशी तिथली रीत होती. म्हणून खुंट एकापुढे एक, दोराने अंतर मोजूनच रोवावे लागत. ज्याचा खुंट त्या रेषेत असे त्याचे खाडीत घर असे. ज्याचा नसे त्याने दुसऱ्याच्या होडीत वल्हे मारावे.

चौथा खुंट मंजुळाचा होता. खरे तर तो तिच्या नवऱ्याचा, देवरामचा. तीन वर्षांपूर्वी होडीचा तळ दुरुस्त करताना त्याच्या टाचेत गंजका खिळा शिरला आणि नवव्या दिवशी तो धनुर्वाताने गेला. विधवा नवऱ्याच्या नावावर राहिली आणि रोवणीच्या दिवशी स्वतः होडीत उभी राहिली, तर खुंट तिच्याकडेच राहतो, हा जमातीचा नियम होता. मंजुळा तीन वर्षे उभी राहिली. घरात नऊ वर्षांची मुलगी हेमा होती आणि सासू आवडाबाई होती. पाचवा खुंट धाकट्या दिराचा, दामाजीचा.

१९८६ च्या श्रावणातील ती सकाळ होती. आवडाबाई ओट्यावर बसून मशेरी लावीत होती. दात घासून झाल्यावर तिने सुनेचा वेगळा डबा तिच्याकडे सरकवला आणि पाहिले की त्यातली मशेरी चार दिवसांपूर्वी होती तेवढीच आहे.

"लावत नायस?"

"वास सोसत नाय," मंजुळा म्हणाली.

आवडाबाईने डब्याचे झाकण सावकाश लावले. "हेमाच्या वेळेला बी सोसत नव्हता."

कोयता थांबला नाही. आणखी दोन खवले निघाले आणि मग उत्तर आले. "तसाच हाय."

आवडाबाईने ऊर बडवला नाही, कपाळावर हात मारला नाही. तिने किती दिवस झाले ते विचारले आणि मंजुळाने दोन महिने आणि वर आठवडा असे सांगितले. मग कोणाचे ते विचारले. ते मंजुळाने सांगितले नाही. बाजारात एखाद्या गिऱ्हाइकाने भाव न करता पुढे निघून जावे तशी आवडाबाईने ती गोष्ट सोडून दिली. ती स्वतः चौतिसाव्या वर्षी विधवा झाली होती, आणि त्यानंतरच्या तिच्या आयुष्याविषयी वाड्यात जे बोलले जाई त्यातले थोडे खरेही होते. शरीराची लाज बाळगण्याइतकी उसंत तिला कधी मिळाली नव्हती.

"तीन वरसं उपाशी ऱ्हायलीस तेच पुष्कळ झाला," ती म्हणाली. "अंग काय देवरामाच्या बरोबर जाळला नव्हता. आता त्या मानसाशी पाट लाव आनि पोराला जल्म दे."

"पाट लावला तर खुंट जाईल. हेमा बी दामाजीच्या घरात जाईल. मी काढून घेनार."

आवडाबाईचा चेहरा आता पालटला. आतापर्यंत जी म्हातारी सुनेच्या बाजूला बसली होती ती एका वाक्यात समोर जाऊन बसली.

"झोपलीस त्याचा मी काय बोलले नाय. पन आलेला जीव मागं धाडनारी तू कोन?"

"ज्या पोटात आलाय त्या पोटाची."

दुपारी मात्र आवडाबाईने सुनेच्या पुढे भाताची ताटली ठेवली, आणि वास येऊ नये म्हणून सुक्या जवळ्याची चटणी स्वतः अंगणात जाऊन खाल्ली.

ज्याचे ते होते तो चंदू पंचवीस वर्षांचा, मंजुळापेक्षा चार वर्षांनी लहान, काकाच्या होडीवर वल्हे मारणारा. मंजुळाने त्याला दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गाठले. तो होडी पालथी करून तिच्या फटींत डांबर भरीत होता. तिने सांगितले तेव्हा प्रथम तो भ्याला, मग डांबराच्या काठीने उगीचच भांडे ढवळीत राहिला, आणि मग त्याच्या तोंडावर एक बावळट आनंद पसरला. माणूस वाईट नव्हता. तिला लपवून ठेवावे असे त्याच्या मनात आले नाही. काकाच्या घरामागे एक खोली उभी करू, जमातीपुढे पाट लावू, हेमालाही आणू, असे तो एका दमात बोलून गेला. हेमाला जमात आणू देणार नाही, बापाची पोर बापाच्या घरात राहील, हे तिने त्याला सांगितले. खुंटाचे काय, असे विचारले. त्यावर तो म्हणाला की खुंट कशाला, मी कमावतोच आहे.

मंजुळाने त्याच्या काकाच्या होडीकडे पाहिले आणि ती हसली. ते हसणे त्याला लागले.

"आनि माजा काय?" तो म्हणाला. "त्यात माजा बी हाय ना."

"जे तुजा व्हता ते तू दिलंस. आता ते माज्या अंगात हाय. त्याला मी नऊ महिने वाहायचा का, ते मी ठरवनार."

"मग मना सांगायला तरी कनाला आयलीस?"

"दुसऱ्या कोनाकडनं कळू नये म्हनून."

चंदूने डांबराची काठी खाली ठेवली आणि तो तिवराच्या झुडपांकडे चालू लागला. त्याची पाठ तिला आवडत असे. ती वळून घरी आली आणि संध्याकाळपर्यंत सोटाचे टोक तासले.

ठाणे स्टेशनाच्या बाजूला, मंडईच्या मागच्या गल्लीत एक खासगी दवाखाना होता. मंजुळाला तो ठाऊक होता, कारण दामाजीची बायको कलावती हिला तिथे दोनदा नेले होते, आणि दोन्ही वेळा बरोबर मंजुळाच होती. दामाजीला आधीच्या दोन मुली. तिसऱ्या खेपेला कोणीतरी त्याला सांगितले की आता पोटातले पाणी सुईने काढून आधीच कळते. कळले ते मुलगी असेच कळले. चौथ्या खेपेलाही तेच झाले. दोन्ही वेळा दामाजीने खिडकीत जाऊन कागदावर सही केली आणि दोन्ही वेळा दवाखान्यात कोणाला काही अडचण वाटली नाही. दुसऱ्या वेळी रिक्षातून परत येताना कलावतीने मंजुळाला हळूच विचारले होते की एवढ्या दिवसांत तिला बोटे फुटली असतील का. वाड्यात दोन्ही वेळा असे सांगितले गेले की कलावतीचा पाय घसरला.

मंजुळाने सकाळची पाटी मंडईत रिकामी केली, लिंबाच्या फोडीने हात घासून धुतले आणि ती त्या खिडकीपुढे जाऊन उभी राहिली. कंपाउंडरने आधी तिला पाटी बाहेर ठेवायला लावली, मग वासासाठी तिलाही उंबऱ्यापाशी उभे राहायला सांगितले. त्यामुळे जे खिडकीत हळू बोलता आले असते ते तिला बाकावर बसलेल्या सात-आठ माणसांच्या डोक्यांवरून बोलावे लागले. त्याने नवऱ्याला आणायला सांगितले. नवरा वारला, ती म्हणाली. कधी, त्याने विचारले. तीन वर्षे झाली.

कंपाउंडरने पेन कानावर ठेवले. "मग हे काय पोस्टाने आलं?"

बाक हसला. एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मंजुळाच्या गालांना आणि कानांच्या पाळ्यांना चटका बसल्यासारखे झाले, पण ती उंबऱ्यावरून हलली नाही. सही नसली की तुमच्या डॉक्टराचा हात थरथरतो काय, असे तिने विचारले. नियम आहे, तो म्हणाला. तो लिहिलेला नियम दाखव, ती म्हणाली. त्याने दुसऱ्या माणसाचे नाव पुकारले. आतला पडदा बाजूला झाला, डॉक्टरांचा अर्धा चेहरा दिसला, आणि पडदा पुन्हा पडला. मंजुळाने बाहेर येऊन पाटी डोक्यावर घेतली. चुंबळ घरंगळून गटारात पडली होती. ती न उचलता, वेताचे टोक डोक्याला रुतत असताना, ती कोपरीपर्यंत चालत आली.

कंपाउंडर दामाजीला ओळखत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दामाजी गुणाजी पाटलांना घेऊन अंगणात आला. गुणाजी सत्तरीचे, जमातीचे प्रमुख, बोलण्यापेक्षा खोकणे अधिक. ते सोटावर बसले आणि त्याचे तासलेले अंग तळव्याने चाचपू लागले. दामाजी उभाच राहिला. तो आवाज चढवणाऱ्यांपैकी नव्हता. भावजयीशी बोलताना तो नेहमी खाली बघे.

त्याचे म्हणणे सरळ होते. वयनीने त्या माणसाचे नाव सांगावे, पाट लावून सुखाने जावे, कोणी अडवणार नाही. नाही तर अष्टमीला होडीत चढू नये. आणि चढायचेच असेल तर खुंटावरचा सवाल तिला ठाऊक आहेच.

तो सवाल वाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. प्रत्येक खुंट पाण्यात सोडण्यापूर्वी त्या घरच्या धन्याने त्यावर तळवा ठेवायचा आणि पाटलाने विचारायचे, घरात झाकलेले काय; पाटील 'उचल' म्हणेपर्यंत तळवा काढायचा नाही. झाकलेल्या गोष्टीवर रोवलेला खुंट उधाणात उपटून निघतो, अशी समजूत होती. पूर्वी म्हणे लोक खरोखर सांगत. शेजाऱ्याचे जाळे कापले, भावाला फसवले, असे. पण गेल्या कित्येक वर्षांत 'काय नाय' एवढेच उत्तर येई आणि माणसे दोराला हात घालीत. आता मंजुळाने 'काय नाय' म्हटले तर दामाजी चाळीस माणसांपुढे तिला खोटी पाडणार होता, आणि खोट्याचा खुंट रेषेतून जातो. आणि खरे ती बोलूच शकणार नाही, असा त्याचा हिशेब होता. चाळीस पुरुषांपुढे असले खरे कोणती बाई बोलते?

"मी तुज्या बऱ्याचाच बोलतंय, वयनी," दामाजी म्हणाला.

गुणाजी उठले. जाताना त्यांनी सोटाचे टोक पाहिले आणि आणखी थोडे निमुळते कर, असे सांगितले. मंजुळाने विचारले की पाटीलबाबा, तुमाला काय वाटतं. ते खोकले. माझे काम विचारायचे, ते म्हणाले, वाटायचे नव्हे.

वर्तकनगरच्या वसाहतीत मंजुळा सहा वर्षे घरोघर कोळंबी आणि बोय देत होती. तिथे पहिल्या मजल्यावर डॉक्टर मंदाकिनी राहत. पन्नाशीच्या, शिस्तीच्या, माशाचा कल्ला उघडून पाहिल्याशिवाय न घेणाऱ्या. खालच्याच गल्लीत त्यांचे छोटे प्रसूतिगृह होते. त्या दिवशी मंजुळा स्वयंपाकघराच्या दाराशी गेली नाही. ती पाटीशिवाय, धुतलेले लुगडे नेसून, प्रसूतिगृहात गेली आणि बाकावर इतर बायांमध्ये बसून राहिली. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले, हात धुतले आणि खुर्चीत बसल्या.

"नवऱ्याची सही लागत नाही," त्या म्हणाल्या. "तू सज्ञान आहेस. कायद्याला तुझी एकटीची सही पुरते."

मंजुळाने त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावले.

"अडचण दुसरी आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? साधन फसलं हे कारण कायद्याने फक्त विवाहित स्त्रीला दिलं आहे. ते तुला लागू होत नाही. मला असं लिहावं लागेल की या गरोदरपणामुळे तुझ्या मनाला गंभीर इजा होते आहे."

"माज्या मनाला काय इजा नाय. मना खुंट रोवायचा हाय, पोरगी वाढवायची हाय, आनि हे मना नको हाय. तेवढाच लिवा."

"तेवढं लिहायला रकाना नाही, मंजुळा."

बाहेर कोणाचे तरी तान्हे मूल रडत होते. मंजुळाने तळहातावरचा कोयत्याचा फोड अंगठ्याने दाबला.

"मग तुमच्या रकान्यात बसंल ते लिवा. पन मना रडायला सांगू नका."

डॉक्टरीणबाईंनी लिहिले. त्यांचे अक्षर सुंदर होते. लिहून झाल्यावर मात्र त्यांना राहवले नाही. मी तुला शहाणी समजत होते, त्या म्हणाल्या. घरात वाढती मुलगी आहे, नवरा नाही, अशा बाईने स्वतःला आवरायला हवे होते. आमच्या वेळी संयम नावाची काही गोष्ट होती. हे सगळे त्या रागाने नव्हे, काळजीने बोलल्या, आणि म्हणूनच ते ऐकून घेणे अवघड होते.

"डाक्टरीनबाय," मंजुळा म्हणाली, "तुमी पोट रिकामा करून द्याला तयार हाव, पन ते भरला कसा ते तुमाला चालत नाय. माज्या सासूला भरलेला चालतो, रिकामा केलेला चालत नाय. तुमा दोघींच्या मधी मना उभा ऱ्हायला वीतभर जागा नाय."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. वाद घालणे त्यांना आवडे आणि सहसा त्या जिंकत. या वेळी त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला.

"जागा आहे की नाही ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "सही इथे कर."

मंजुळा चौथीपर्यंत शिकली होती. पेन तिला कोयत्यापेक्षा जड गेले. तिने एकेक अक्षर थांबून काढले, मंजुळा देवराम नाखवा, आणि शेवटचा काना कागदाला भोक पडेल इतका दाबला.

काम दुसऱ्या दिवशी सकाळी झाले. लोखंडी खाट, तिच्यावर रबराचे कापड, मांड्यांना लागलेला गारवा, ओटीपोटात आतून कोणी दोर ओढावा तशी कळ, आणि तोंडात पितळेची चव. मंजुळाने दात आवळले, पण ती रडली नाही. ती सकाळ तिला जड गेली. मात्र त्या जडपणात पश्चात्ताप कुठे असेल म्हणून तिने मन चाचपून पाहिले तेव्हा तो तिला सापडला नाही. दुपारी नर्सने चहा दिला. तो पिऊन ती उठली, भिंतीला हात लावीत जिना उतरली आणि रिक्षात बसली.

घरी आवडाबाईने तिला पाहिले आणि काही न विचारता चूल पेटवली. तीन दिवस ती तिच्या उशाशी तांदळाची पेज आणून ठेवत राहिली. तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून तिच्या पोटावर ठेवत राहिली. रक्ताची फडकी तिने स्वतः धुतली, आणि ती घरामागे न लपवता, उन्हात, दोरीवर वाळत घातली. बोलली मात्र एकदाच.

"मी माफ करनार नाय."

"नको करूस."

"पेज पी."

अष्टमीला पाणी दुपारी थांबणार होते. सकाळीच सोट वाहून होडीपाशी नेले गेले. दोन मोठ्या होड्या आडव्या बांबूंनी एकमेकींना बांधल्या होत्या. त्यांच्या मधल्या फटीत सोट उभा करायचा, खाचेत दोर अडकवायचे आणि दोन्ही बाजूंनी वीस-वीस माणसांनी दोराला लोंबकळत, अंगाचा भार टाकत, तो डोलवत डोलवत चिखलात उतरवायचा. ज्याचा खुंट त्या घरची माणसे आपापल्या होडीतून शेजारी थांबत आणि पाळी आली की मोठ्या होड्यांवर येत. वरच्या कारखान्यांतून सुटलेले पाणी त्या दिवशीही खाडीत होते. त्याचा तांबूस फेस होड्यांच्या कडांना चिकटत होता.

मंजुळा कासोटा आवळून होडीत चढली तेव्हा किनाऱ्यावरच्या बायांनी बोलणे थांबवले. तिच्यामागून आवडाबाई चढली. तिला कोणी बोलावले नव्हते.

पहिला खुंट गेला. दुसरा गेला. तिसऱ्याच्या धन्याने तळवा टेकवला न टेकवला तोच 'काय नाय' म्हटले आणि गुणाजींनी 'उचल' म्हणताच तो दोराकडे वळला. मग तिसऱ्या खुंटापासून दोर ताणून अंतर मोजले गेले आणि चौथा सोट फटीत उभा राहिला. गुणाजी मंजुळाकडे न बघता, सोटाकडे बघत म्हणाले, "घरात झाकलेला काय?"

मंजुळाने तळवा सोटावर ठेवला. इतके दिवस तासलेले ते लाकूड तिच्या हाताला ओळखीचे लागले.

"हाय," ती म्हणाली. "माज्या पोटात जीव व्हता. आज सातवा दिस, मी तो काढून घेतला. सही माजी. मानूस कोन ते सांगनार नाय, कारन पोट त्याचा नव्हता. आता झाकलेला काय नाय."

कोणीतरी पाण्यात थुंकले. दामाजी प्रथमच वर बघून बोलला. असल्या बाईचा खुंट रेषेत घेतला तर आपल्या घरच्या सुना उद्या काय करतील, असे त्याने विचारले. दोन-चार माना हलल्या. त्याने गुणाजींकडे पाहिले.

"तिला इचारला, तिनं सांगितला," गुणाजी म्हणाले. "खोटा बोलली असती तर खुंट गेला असता. खरा बोलल्यावर काय करायचा, ते मना माज्या बापसानं सांगितला नाय."

त्यांनी तिला 'उचल' म्हटले आणि माणसांना दोर धरायला सांगितले. कोणी धरला नाही. माणसे हात मागे बांधून उभी राहिली. काकाच्या होडीतून चंदू उठला. त्याचा एक पाय कडेवर आला होता.

"तू बस," मंजुळा तिकडे न बघता म्हणाली. तो बसला.

मग तिनेच एका बाजूचा दोर खांद्यावर घेतला आणि अंगाचा भार टाकला. दुसऱ्या बाजूला आवडाबाईने लुगडे वर खोचले आणि दोर मनगटाला गुंडाळला. म्हातारीचे पाय फळीवर घसरत होते. सोट तिरका झाला, सरळ झाला, पुन्हा तिरका झाला. तो वीतभरही उतरला नाही. कोणी हसलेही नाही. मंजुळाच्या ओटीपोटात कळ उठली आणि मांडीवरून काहीतरी कोमट ओघळले. तिने कासोटा एका हाताने घट्ट केला आणि पुन्हा भार टाकला.

पाण्यावर सोटांच्या ढलप्या तरंगत होत्या. इतका वेळ त्या जागच्या जागी होत्या. आता त्या एकेक करून मुंब्र्याच्या दिशेने सरकू लागल्या. सातव्या खुंटाचा धनी, वयस्क माणूस, त्यांच्याकडे बघत होता. चौथा उभा राहिल्याशिवाय पाचव्याचे अंतर मोजता येत नव्हते, पाचव्याशिवाय सहाव्याचे, आणि पाणी एकदा धावू लागले की पुढच्या भांगापर्यंत, म्हणजे पुढच्या अष्टमीपर्यंत, आठ घरांची जाळी घरात पडणार होती.

"तिचा काय असंल ते मागनं बोलू," तो म्हणाला. "पानी फिरतंय."

त्याने दोर धरला. मग सहाव्याने, मग नवव्याच्या दोन मुलांनी. कोणाच्या मनात तिच्याविषयी काही बदलले होते असे नव्हे. दोघा-तिघांनी दोर ओढता ओढताच शिव्या दिल्या, आणि त्या शिव्यांच्या तालावरच सोट डोलू लागला. चिखलाने त्याचे टोक घेतले. तो हातभर उतरला, मग पुरुषभर, मग एका जड हुंकारासारखा आवाज झाला आणि तो बसला. मंजुळाने खाचेतला दोर स्वतः सोडवला.

पाचव्याचे अंतर मोजले गेले. सोट फटीत उभा राहिला. दामाजीने तळवा ठेवला आणि गुणाजींनी त्याच आवाजात त्याला तेच विचारले.

दामाजीचा तळवा सोटावर तसाच राहिला. त्याने मंजुळाकडे पाहिले. ती फळीवर बसून ओला दोर वेटोळा करीत होती. बोलण्यासारखे तिच्याकडे पुष्कळ होते, हे त्यालाही ठाऊक होते आणि तिलाही. ढलप्या आता वेगाने जात होत्या. दामाजी थांबलाच आहे असे पाहून शेवटी ती म्हणाली, "माजा बोलून झाला. दुसऱ्या पोटाचा मी बोलनार नाय."

दामाजीने श्वास घेतला. "काय ना..."

"थांबा."

त्याच्या होडीत मागच्या बाजूला, डोक्यावर पदर घेऊन बसलेली कलावती बोलली होती. तिचा आवाज त्या चाळीस जणांपैकी बहुतेकांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता. ती उभी राहिली नाही. बसूनच, होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्याकडे बघत ती म्हणाली, "माजा पाय घसरला नव्हता. दोनदा पोट रिकामा केला. दोनी पोरी व्हत्या. सही यांची. मना कोनी इचारला नाय."

गुणाजींनी खोकण्यासाठी तोंडाशी नेलेला हात तसाच खाली घेतला. मंजुळाच्या हातातला दोर थांबला. दामाजी बायकोकडे वळू पाहत होता, पण सोटावरचा तळवा काढायचा तर पाटलाने आधी 'उचल' म्हणावे लागते.

"आयकला," गुणाजी म्हणाले. आणि माणसांकडे वळून, "धरा."

दोन्ही बाजूंचे दोर ताणले गेले. सोट डोलू लागला, उतरू लागला, आणि त्यावर तळवा ठेवून उभा असलेला दामाजी त्याच्याबरोबर हळूहळू वाकत गेला.